बेलझरचं योगदान

यशवंतराव वैरागडे यांच्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि पुरानी बस्तीतल्या त्यांच्या गल्लीत ती ऐकली नाही असं माणूस नव्हतं. ते खनिज खात्यात खलाशी होते. एकोणीसशे शहाऐंशीच्या हिवाळ्यात खात्याचा कॅम्प बेलझर नावाच्या गावी पडला. रायपूरहून तेव्हा जीपनं पाच तास लागत, त्यातले शेवटचे दोन जंगलातून. साहेब बोट दाखवतील तिथली माती गोणीत भरायची, गोणीवर नंबर टाकायचा आणि खांद्यावरून जीपपर्यंत आणायची, एवढंच खलाशाचं काम. दोन महिने माती वाहून झाली. प्रयोगशाळेतून दर वेळी 'काही नाही' असाच कागद येई. साहेब कॅम्प उठवायची भाषा करू लागले. तेव्हा एक दिवस यशवंतरावांनी नेहमीचा नाला सोडून भलत्याच एका ओढ्याची माती आणली, आणि त्या मातीत सोनं निघालं.

गोष्ट इथं संपायची. त्याच ओढ्याची माती काहून आणली, असं कोणी विचारलंच, तर ते म्हणत, "मनात आलं."

तोवर ते रोजंदारीवर होते. त्या मातीनं त्यांना कायम केलं. पगार सुरू झाला, लग्न झालं, या गल्लीत तीन खोल्यांचं घर झालं, मुलगा सुशील बी.कॉम. झाला. खाण सुरू व्हायला मात्र चौतीस-पस्तीस वर्षं गेली. मधे राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, बेलझरच्या डोंगराचा लिलाव झाला आणि तो एका मोठ्या कंपनीनं घेतला. यशवंतराव पेन्शनीत निघाले, बायको शारदा वारली. सुशील त्याच कंपनीच्या रायपूरच्या ऑफिसात लागला. 'सामुदायिक विकास' असं त्याच्या विभागाचं नाव होतं. नोकरी वर्षाच्या करारावर होती. दरवर्षी मार्च आला की सुशीलला जेवण जात नसे आणि सून मंजिरी देवासमोर जरा जास्त वेळ बसे.

त्या वर्षी फेब्रुवारीत सुशील हसत घरी आला. खाणीला पाच वर्षं होत होती. खाणीनं आसपासच्या गावांना काय दिलं याचं एक पुस्तक कंपनी काढत होती. ते बरंचसं सुशीलनंच लिहिलं होतं. शहरातल्या मोठ्या हॉटेलात त्याचं प्रकाशन होतं, वरून बडे साहेब येणार होते. बोलता बोलता सुशीलनं ऑफिसात सांगितलं होतं की ते सोनं पहिल्यांदा माझ्या बाबांच्या हाताला लागलं. ऑफिस एकदम जागं झालं. सत्कार ठरला.

"पाच मिनिटं बोलाचं आहे, बाबा," सुशील म्हणाला. "मी हिंदीत लिहून देतो. तुम्ही फक्त वाचा."

"मले काही लिहून नको देऊ," यशवंतराव म्हणाले. "ते मले पाठ आहे."

पुढचे दोन-तीन दिवस ते अंघोळ करताना, जेवताना ओठातल्या ओठात भाषण करून पाहत होते.

मग तो मंगळवार आला. बूढ़ा तालाबाला फेरी मारून ते रोज सरळ घरी येत. त्या दिवशी वाटेत पाइपासाठी रस्ता खणलेला होता, म्हणून ते सदर बाजाराकडून वळले. सराफ्यातली शटरं अजून खाली होती. दागिने घडवणारे कारागीर ज्या अरुंद गल्लीत बसतात तिथल्या नालीत तीन बाया वाकून काम करत होत्या. एक खराट्याच्या बुडख्यानं गाळ खरवडत होती, दुसरी तो घमेल्यात भरत होती, आणि तिसरी, वयानं मोठी, बादलीतल्या पाण्यात लाकडाचं खोलगट ताट फिरवत होती. कारागिरांच्या हातापायांना, कपड्यांना लागलेला सोन्याचा कीस धुण्याच्या पाण्याबरोबर नालीत जातो. तो गाळातून धुऊन काढायचा, असं ते काम. यशवंतरावांनी ते पूर्वीही पाहिलं होतं आणि नाकाला रुमाल लावून पुढं गेले होते. त्या दिवशी त्यांचे पाय थांबले ते त्या ताटापाशी. ताट फिरवताना ती बाई मधेच मनगटाला हलकासा हिसका देत होती, की काळी रेती सगळी एका कडेला सरकायची. असा हिसका त्यांनी आयुष्यात एकाच माणसाच्या हातात पाहिला होता.

"बेलझर?" त्यांनी विचारलं.

बाईनं मान वर केली. गुडघ्यापर्यंत गाळ, लुगड्याचा काचा मारलेला, समोरचे दोन दात गेलेले. ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली.

"खलाशी बाबू," ती आपल्या छत्तीसगढीत म्हणाली. "तुझे केस कुठं गेले?"

ती बिसाहिन होती. बेलझरच्या सोनझरियांपैकी. पिढ्यान्‌पिढ्या ओढ्यातली रेती धुऊन सोन्याचे कण वेचणारी सहा घरं गावाच्या खालच्या अंगाला होती, त्यातलं एक तिचं. दिवसभर पाण्यात उभं राहिलं की तांदळाच्या दाण्याहून बारीक, एवढं काहीतरी हाती लागे. आठवडी बाजारात ते विकून मीठ-तेल-तांदूळ यायचे. शहाऐंशी साली ती वीस-बावीस वर्षांची होती आणि तिच्या पाठीला सुकालू नावाचं तान्हं बांधलेलं होतं. दोन महिने ती या रायपूरच्या लोकांना चुकीच्या नाल्यातली माती वाहताना पाहत होती. शेवटी तिला यशवंतरावांची दया आली. सगळ्यात जड गोणी नेहमी त्यांच्याच खांद्यावर असे. एका संध्याकाळी तिनं त्यांना हाताला धरून तो ओढा दाखवला, कुठल्या वळणावर रेती काळी पडते ते दाखवलं, ताट फिरवून बोटाच्या टोकावर तीन पिवळे कण ठेवले. यशवंतरावांनी दुसऱ्या दिवशी तिथली माती उचलली. साहेबांनी पाठ थोपटून विचारलं, तुला कसं कळलं रे, तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, मनात आलं साहेब. आणि मग ते तसंच राहिलं.

कॅम्प उठला त्या दिवशी ते तिला सांगून आले होते की आता इथं खाण होईल, आणि पहिला फायदा तुमचा होईल. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

त्यांनी तिला कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पाजला. ती बाकावर बसली नाही, भिंतीला टेकून उकिडवी बसली आणि विचारलं तसं सांगत गेली. खाण आली तेव्हा ज्यांच्या नावे जमीन होती त्यांना पैसा मिळाला. दोन वर्षं गावात नुसत्या मोटरसायकली फिरत होत्या. मग पैसाही गेला आणि जमीनही. रस्ता झाला, चांगला झाला, तिनं आवर्जून सांगितलं. शाळेला रंग दिला. गुरुवारी दवाखान्याची गाडी येते. गावातल्या काही पोरांना चौकीदाराची, झाडूची कामं मिळाली. सोनझरियांच्या नावे मात्र एक वीत जमीन नव्हती. त्यांचा होता तो ओढा, आणि ओढ्याचा काही कागद नसतो. तो तारेच्या आत गेला. पुढं त्याचं पाणीच वळवलं.

सुकालू दोन-तीन वर्षं रोजगार हमीवर खपला. मग एका पहाटे तो तारेखालून आत शिरला आणि जुन्या वळणावर उरलेल्या डबक्यात रेती धुताना चौकीदारांनी त्याला धरला. त्याच्याजवळ पानात बांधलेले चार कण सापडले. चोरीचा गुन्हा दाखल झाला. अकरा दिवस तुरुंगात राहून तो जामिनावर सुटला. खाणीत काम मागायला गेला तर पोलिसांचा दाखला आण म्हणाले, आणि दाखला तर आता मिळणार नव्हता. मग सगळं बिऱ्हाड रायपूरच्या कडेला, बीरगांवला आलं. एक खोली. सुकालू सिलतऱ्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे भट्टीवर जातो. ती नालीवर येते. इथंही आता कारागीर आपल्या दुकानातला झाडलेला केर स्वतःच विकतात, बाहेरच्याला देत नाहीत. नाली तेवढी उरली आहे.

"तू सांगितलं होतंस ना, खाण होईल म्हणून," ती म्हणाली. "झाली."

तिच्या आवाजात काही नव्हतं, रागसुद्धा नव्हता. यशवंतरावांचा चहा तसाच हातात निवला.

त्यांनी रात्रीच्या जेवणाला सुशीलजवळ विषय काढला. बिसाहिन कोण हे सांगितलं, पण ओढा तिनं दाखवला हे सांगायला त्यांची जीभ उचलली नाही. सुकालूवरचा गुन्हा कंपनीनं मागं घ्यावा, एवढंच म्हणाले. सुशील घास चावत ऐकत होता. मग त्यानं हात धुतले, लॅपटॉप आणला आणि पुस्तकाचं एक पान त्यांच्यासमोर धरलं. पानावर हिरव्या रंगात एक चित्र होतं, खेड्यापासून शहराकडं जाणारा बाण. खाली लिहिलं होतं की पारंपरिक आणि अनिश्चित व्यवसायावर अवलंबून असलेली सहा कुटुंबं आता शहरी रोजगाराशी जोडली गेली आहेत.

"हे तेच सहा घरं आहेत का?" यशवंतरावांनी विचारलं.

"तेच."

"हे तू लिहिलं?"

"आकडे फील्डवरून येतात, बाबा. मी फक्त वाक्य करतो." सुशीलनं लॅपटॉप मिटला. "स्थानिक लोकांना किती रोजगार दिला, असाही एक आकडा आहे पुढच्या पानावर. त्यात मीही आहे. रायपूरचा माणूस स्थानिकच धरतात."

मंजिरी भांडी गोळा करता करता थांबली. तिला वाटलं सासरे आता काही बोलतील. पण ते पाटावरून उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं सुशीलही बाहेर आला. गुन्ह्याचं काम दिल्लीतला कायदा विभाग पाहतो, तिथं आपल्याला कोणी विचारत नाही, असं त्यानं समजावलं. तो दुष्ट नव्हता. मार्च तोंडावर होता.

यशवंतरावांनी मग मनाशी एक ठरवलं. ते पुन्हा नालीवर गेले आणि बिसाहिनला म्हणाले, कार्यक्रमाला चल, तिथं सगळ्यात मोठा साहेब येणार आहे, मी त्याला चारचौघांत सांगतो. चारचौघांत सांगितलं की माणसाला नाही म्हणता येत नाही. तिनं एकच विचारलं, सुकालूच्या केसचं सांगशील ना. ते म्हणाले, तेच सांगायचं आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी तिला रिक्षात घालून नेलं. धुतलेलं हिरवं लुगडं, हातात कथिलाच्या पाटल्या. हॉटेलच्या दारावर गणवेशातल्या माणसानं त्यांना आत सोडलं आणि तिला बाजूला घेतलं. सुशील पळत आला. बिसाहिनला पाहून त्याचा चेहरा उतरला, पण त्यानं दारावरच्या माणसाला हळूच काही सांगितलं आणि तिला शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं. गार हवेनं ती पदर अंगाभोवती ओढून बसली.

दिवे लागले, गणेशवंदना झाली, पडद्यावर बेलझर दिसलं. ड्रोननं वरून काढलेलं. यशवंतरावांना ते ओळखू आलं नाही. डोंगराच्या जागी पायऱ्यापायऱ्यांचा एक मोठा खड्डा होता आणि त्याच्या तळाशी हिरवं पाणी. मग रस्ता, शाळा, दवाखान्याची गाडी, शिवणयंत्रावर बसलेल्या मुली. लोक टाळ्या वाजवत होते. मग त्यांचं नाव पुकारलं गेलं.

माइकसमोर उभे राहिल्यावर त्यांनी शेवटची रांग शोधली. पाठ केलेलं भाषण त्यांनी केलंच नाही.

"वो सोना मैंने नहीं ढूंढा," ते म्हणाले.

 मग ते बोलत गेले. चाळीस वर्षांत जे बायकोलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ओढ्याचं वळण, पाठीवरचं तान्हं, बोटावरचे तीन कण. साहेबांना मी खोटं बोललो. माझी नोकरी, माझं घर, माझ्या मुलाचं शिक्षण, सगळं या बाईचं आहे. ती तिथं मागं बसली आहे. चाळीस वर्षांपासून तिला ठाऊक होतं सोनं कुठं आहे, आणि आज ती या शहराच्या नालीत...

एवढं बोलून होईस्तोवर लोकांच्या माना मागं वळल्या होत्या. यशवंतरावांना वाटलं होतं की आता खाली माना जातील. तसं झालं नाही. कोणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, आणि बघता बघता सगळं सभागृह उठून उभं राहिलं. बडे साहेब स्वतः मंचावरून उतरले, शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले आणि बिसाहिनचा हात धरून तिला वर घेऊन आले. फोटोवाले खुर्च्या सरकवत पुढं धावले. यशवंतरावांसाठी आणलेली शाल तिच्या खांद्यावर पडली, नारळ आला, पुस्तकाची प्रत आली.

"साहब, इनका बेटा सुकालू, उस पर केस..." यशवंतराव माइकमध्ये म्हणाले. निवेदन करणाऱ्या मुलीनं माइक हलकेच त्यांच्या हातातून घेतला. तिचे डोळे खरोखर भरून आले होते. ती म्हणाली की अशा माणसांमुळेच बेलझरचं सोनं सोनं आहे. संगीत सुरू झालं. बड्या साहेबांनी यशवंतरावांना मिठी मारली आणि कानाशी म्हणाले की बहुत अच्छा बोले आप, जो भी है सुशील को बता दीजिए, देख लेंगे.

दिव्यांच्या झोतात बिसाहिन डोळे बारीक करून उभी होती. तिनं तोंड जवळ आणून विचारलं, "सांगितलं का?"

"हव," यशवंतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हिंदी वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, शाल आणि नारळासकट. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की चाळीस वर्षांपासून जिला माहीत होता खजिन्याचा पत्ता, ती बेलझरची दादी. नालीचा उल्लेख नव्हता. ऑफिसात सगळे खूश होते. सुशीलचा करार पहिल्यांदाच मार्च उजाडायच्या आधी वाढवून मिळाला. मंजिरीनं पेढे आणले. यशवंतरावांनी पेढा हातात घेतला आणि केसचं काय झालं म्हणून विचारलं. सुशीलनं खाली पाहून सांगितलं की त्यानं दोनदा मेल केला, उत्तर नाही.

त्यानंतर महिनाभरानं बिसाहिन पत्ता विचारत विचारत त्यांच्या घरी आली. मंजिरीनं खुर्ची दिली, ती पायरीवरच बसली. पाणी प्यायली आणि मग सांगू लागली. सुकालूला सरकारकडून मिळालेला एक वकील होता. सुकालू शेळी शोधत आत गेला होता, ताट नेहमीसारखं जवळ होतं, चोरीचा इरादा नव्हता, असं तो वकील कोर्टात सांगणार होता. गेल्या तारखेला समोरच्या वकिलानं फायलीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. या कुटुंबाला सोन्याची जागा चाळीस वर्षांपासून नेमकी ठाऊक आहे, हे दोनशे माणसांपुढं जाहीर झालं आहे आणि त्याबद्दल त्यांनी शालही घेतली आहे, तेव्हा हा शेळीमागं गेला नव्हता. आता सुकालूचाच वकील म्हणतो की गुन्हा कबूल करून मोकळे व्हा.

यशवंतरावांना बसवेना. ते उठले, पुन्हा बसले. म्हणाले, मी येतो कोर्टात. साक्ष देतो. तार नव्हती तेव्हापासून ही माणसं तिथं रेती धूत होती, कंपनीचा बापसुद्धा तिथं नव्हता तेव्हापासून, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याला चोरी म्हणत नाहीत.

बिसाहिननं पदरानं तोंड पुसलं.

"आता तू काही बोलू नको, बाबू," ती म्हणाली.

तिनं ते इतक्या हळू आवाजात म्हटलं की आत उभ्या असलेल्या मंजिरीला ऐकू गेलं नाही.  यशवंतरावांनी तरी हट्टानं पुढची तारीख विचारून घेतली आणि कागदावर लिहून ठेवली.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी सुशीलला सांगितलं. सुशीलला कळलं की बाप कंपनीच्या विरुद्ध साक्षीला उभा राहतो आहे, आणि ऑफिसात ते लपून राहणार नाही. तो पलंगाच्या कडेवर बसून मोजे काढत होता. एक मोजा हातात धरून तो तसाच थांबला.

"जा तुम्ही, बाबा," तो म्हणाला. "फक्त माझं नाव नका घेऊ."

सकाळच्या पहिल्या बसनं यशवंतराव निघाले. खिशात पेन्शनचं पुस्तक होतं, खात्याचं जुनं ओळखपत्र होतं आणि रात्री जागून लिहिलेला एक कागद होता. ऊन तापायला लागलं होतं. महानदीच्या पुलावरून बस गेली तेव्हा खाली नुसती वाळू होती. जिल्ह्याच्या गावी उतरून ते कोर्टाच्या आवारात पोहोचले तोवर साडेअकरा झाले होते. शिपायाला नाव सांगितलं. शिपायानं यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, ते तर झालं.

आवारात कडुनिंबाखाली सुकालू आणि बिसाहिन बसले होते. सुकालूला यशवंतराव पहिल्यांदाच पाहत होते. चाळिशीचा माणूस, पण भट्टीनं चेहऱ्याची कातडी पार ओढून काढलेली, भुवया जळून गेलेल्या. तो उठून उभा राहिला आणि पाया पडला. त्यानं सांगितलं की जजसाहेब बरोबर अकराला बसले आणि त्याचंच नाव आधी आलं. विचारलं, कबूल आहे? तो म्हणाला, आहे. दहा मिनिटंही लागली नाहीत. तुरुंगात काढलेले अकरा दिवस धरले, वर दंड झाला, तो भरला. आता तारीख नाही.

"मी आलो होतो ना," यशवंतराव म्हणाले. "थोडं थांबला असता."

 सुकालूनं नीट समजावून सांगितलं, जसं मोठ्या माणसाला सांगतात तसं. एका तारखेमागं दोन दिवस जातात. ठेकेदार म्हणाला होता की यापुढं एकही खाडा झाला तर सिलतऱ्याला येऊ नको. तुमची साक्ष आज झाली असती, पुढं आणखी कोणाची, मग त्यांची, मग निकाल. तोवर हातचं काम गेलं असतं. चोर म्हणाले तर म्हणोत, चोराला भट्टीवर घेतात. कामाला न येणाऱ्याला घेत नाहीत.

यशवंतरावांनी खिशातला कागद काढला. त्यावर काय लिहिलं होतं ते त्यांनी एकदा पाहिलं आणि परत ठेवून दिला. बिसाहिननं गाठोडं सोडलं. त्यात मुरमुरे होते, भाजलेले चणे होते आणि कांदा. तिनं मुरमुऱ्यांचा एक वाटा कागदावर काढून त्यांच्याकडं सरकवला. ते जमिनीवर बसले आणि खाऊ लागले. भूक लागलेली होती, ते लपलं नाही.

परतीच्या बसला गर्दी होती. सुकालू दाराशी उभा राहिला आणि त्या दोघांना मागं एका बाकावर जागा मिळाली. बऱ्याच वेळानं यशवंतरावांनी विचारलं की उद्या नालीवर जाणार का. बिसाहिन म्हणाली की शनिवारपर्यंतच. सदर बाजारातल्या नाल्यांवर फरश्या टाकायचं काम सुरू झालं आहे, कारागिरांच्या गल्लीत रविवारी येतील. वरून बंद झाली की आत हात जात नाही.

"मग?"

"दुर्गचा सराफा आहे म्हणतात. तिथल्या नाल्या अजून उघड्या आहेत." तिनं गाठोडं मांडीवर घेतलं. "तुझ्या ओळखीचं कोणी आहे का तिथं?"

दुर्गला यशवंतरावांच्या ओळखीचं कोणी नव्हतं. तरी त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. खात्यातला एखादा, नात्यातला एखादा. खिडकीतून गरम वारा येत होता. त्यांना एकही नाव आठवलं नाही, आणि ते तसं म्हणाले. बिसाहिननं मान हलवली. मग बसमध्ये तिला मळमळतं म्हणून तिनं त्यांना खिडकीची जागा मागितली, आणि ते उठून अलीकडं सरकले.